दारावरचा शरभ

नवा प्राणी दृष्टीस पडला कीं मनुष्य आधीं त्याचें नांव विचारतो आणि लगेच दोन गोष्टींचा वाद सुरू करतो. हा कोणाच्या कुळांतला, हा एक वाद. आणि हा कोणाला भारी, हा दुसरा. प्राणी खरा असेल तर हे दोन्ही वाद प्राणिशास्त्रज्ञ आज ना उद्यां मिटवितात. प्राणी कल्पनेंतला असेल तर ते मिटविणारा कोणी नसतो, आणि म्हणूनच ते अधिक रंगतात. गेल्या तीस वर्षांत जगांतल्या कोट्यवधि मुलांनीं, आणि मूल म्हणवून घेण्याचें वय उलटलेल्या पुष्कळ मंडळींनींहि, हा वाद एका जपानी खेळाच्या निमित्तानें घातला आहे. भोर तालुक्यांतल्या रोहिडा किल्ल्याच्या दरवाजापाशीं तोच वाद दगडांत कोरून ठेवलेला आहे. एकाचा इतिहास जवळून पाहिला म्हणजे दुसऱ्याचा उलगडा होतो. आणि पडद्यावरच्या प्राण्याला सहसा न विचारला जाणारा एक तिसरा प्रश्न दगडी प्राण्याच्या मागें कसा लागला, हेंहि कळतें.

त्या खेळाचें नांव पोकेमॉन. खिशांत मावणारे अद्भुत प्राणी, अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा हा जपानी संक्षेप होय. खेळाचा जनक सातोशी ताजिरी हा १९६५ सालचा जन्मलेला. त्याचें बालपण तोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा या गांवीं गेलें. त्या काळीं तेथें तळीं होतीं, शेतें होतीं, झाडी होती. आणि भुंगे व किडे पकडून जमविणें हा त्या मुलाचा नाद होता. पुढें शहर वाढलें, तळीं बुजलीं, शेतांवर घरें उठलीं. जमविण्याचा जो आनंद मागून येणाऱ्या मुलांना मिळणार नव्हता, तो त्यांना यंत्राच्या लहानशा पडद्यावर तरी मिळावा, या कल्पनेंतून हा खेळ निघाला. निन्तेन्दो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातांत धरावयाच्या यंत्रासाठीं त्याच्या तांबडी व हिरवी अशा दोन आवृत्त्या २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत विक्रीस आल्या. दोन आवृत्त्या काढण्यांत एक युक्ति होती. कांहीं प्राणी एकींतच सांपडत, कांहीं दुसरींतच. सगळे हवे असतील तर दुसऱ्या खेळाडूशीं देवघेव करणें भाग होतें. संग्रह पुरा करावयाचा तर बोलणें आलें, आणि बोलणें आलें म्हणजे वाद आलाच.

त्या पहिल्या खेळांत १५० प्राणी उघडपणें होते. १५१ वा, म्यू नांवाचा, शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरनें अगदीं शेवटीं उरलेल्या थोड्याशा जागेंत भरून ठेविला होता. सामान्य खेळाडूला तो भेटावा अशी योजनाच नव्हती. पुढें 'कोरोकोरो' या मुलांच्या मासिकानें त्याचें अस्तित्व प्रकट केलें आणि तो सोडतीनें फक्त २० वाचकांस देण्याचें ठरविलें; अर्ज मात्र हजारोंनीं आले. याहूनहि गंमतीची हकीकत पुढच्या वर्षाची आहे. १ एप्रिल १९९७ रोजीं या खेळावर आधारलेली चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पहिल्याच भागाच्या शेवटीं इंद्रधनुष्याच्या दिशेनें उडत जाणारा एक सोनेरी पक्षी दिसतो. नायकाच्या हातांतील यंत्राला तो ओळखतां येत नाहीं, आणि प्रेक्षकांनाहि त्याचें नांव सांगितलें जात नाहीं. हा पक्षी 'हो-ओ' या नांवानें खेळांत आला तो २१ नोव्हेंबर १९९९ रोजीं. मधल्या अडीच वर्षांहून अधिक काळ, एका क्षणभर दिसलेल्या पक्ष्याचें कुळ काय आणि बळ किती, याचा ऊहापोह मुलें करीत राहिलीं. 'हो-ओ' हें नांव चीन-जपानच्या जुन्या पुराणांतल्या मंगल पक्ष्याचेंच आहे. नवा म्हणून आलेला प्राणी खरोखर फार जुना होता.

असा वाद घालतां यावा म्हणून या खेळाला कांहीं नियम आहेत. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन जाति असतात. पाणी आगीला भारी, आग वनस्पतीला भारी, वनस्पति पाण्याला भारी, अशी ती साखळी चालते. शिवाय बहुतेक प्राणी लढतां लढतां रूप पालटून वरच्या पायरीचे होतात, जसा सुरवंटाचा कोश व कोशाचें फुलपांखरूं. नोव्हेंबर २०२२ मध्यें आलेल्या आवृत्तीनें या प्राण्यांची संख्या १००० च्या वर नेली. नवी आवृत्ति येण्यापूर्वीं एखाद्या नव्या प्राण्याचें चित्र प्रसिद्ध होतें, आणि त्या एका चित्रावरून शेंपटी कोणाची, शिंग कोणाचें, ही जाति कोणती, याला कोण हरवील, याचा खल जगभर चालतो. भारतांतल्या मुलांना ही मंडळी २००३ पासून दूरचित्रवाणीवरील हिंदी मालिकेंतून भेटूं लागली. डिसेंबर २०१६ मध्यें भ्रमणध्वनीवरील 'पोकेमॉन गो' हा खेळ येथें रीतसर आला, तेव्हां हातांत यंत्र घेऊन रस्तोरस्तीं फिरणारे खेळाडू मोठ्या शहरांना परिचयाचे झाले.

आतां हे सर्व नियम मनांत ठेवून रोहिड्याकडे वळावें. भोर गांवाच्या दक्षिणेस बाजारवाडी नांवाचें लहान गांव आहे. तेथून या किल्ल्यावर वाट चढते. विचित्रगड हें त्याचें दुसरें नांव. उंची सुमारें ३,६६० फूट. गडाला एकापुढें एक असे तीन दरवाजे आहेत. पहिल्यावर गणेशपट्टी आहे. दुसऱ्यापाशीं पाण्याचें टाकें आहे, आणि तेथेंच सिंह व शरभ यांचीं शिल्पें आहेत. तिसरा दरवाजा सर्वांत भक्कम; त्याच्या दोहों बाजूंस हत्तीचीं मस्तकें कोरलेलीं असून एका अंगास मराठी व दुसऱ्या अंगास फारसी शिलालेख आहे. दोन दरवाजांच्या अवघ्या कांहीं पायऱ्यांच्या अंतरांत हत्ती, सिंह आणि शरभ असे तीन प्राणी एकत्र आले आहेत. पहिले दोघे सर्वांच्या ओळखीचे आहेत. तिसरा कोणीं कधीं पाहिला नाहीं, तरीहि महाराष्ट्रांतल्या किती तरी किल्ल्यांच्या दारांवर तो बसलेला आहे. कोठें त्याला पंख असतात, कोठें शिंगें, कोठें नुसतीच आयाळ व वटारलेले डोळे.

या शरभाचें कुळ शोधूं गेल्यास वाट पार वैदिक वाङ्मयापर्यंत मागें जाते. तेथें शरभ हा रानांतला एक पशु आहे, यापलीकडे त्याचा थाट नाहीं. पालि जातककथांमध्यें बोधिसत्त्वानें शरभमृगाचा जन्म घेतल्याची कथा आहे; त्याची शिकार करूं पाहणारा राजा खड्ड्यांत पडतो आणि तो मृग त्यालाच बाहेर काढतो. म्हणजे येथें शरभ हा हरणाच्या जातीचा, बलवान पण दयाळू असा प्राणी झाला. कालिदासाच्या मेघदूतांत हिमालयावरचे शरभ मेघावर उड्या घालण्याच्या आवेशांत दिसतात, आणि टीकाकार त्यांना आठ पायांचे समजतात. संस्कृत कोशांत 'अष्टापद' हें त्याचें पर्यायनामच होऊन बसलें. रानांतला पशु मृग झाला, मृगाचा सिंहघातक अष्टापद झाला. शतकानुशतकें ऐकणाऱ्यांनीं आणि सांगणाऱ्यांनीं त्याच्या अंगांत भर घालीत नेली.

बळाचा प्रश्न सोडविला तो महाभारतानें, आणि तोहि अशा रीतीनें कीं खेळाच्या आजच्या रसिकांस ती कथा आपल्याच घरची वाटावी. शांतिपर्वांत भीष्म युधिष्ठिराला एका मुनीच्या कुत्र्याची गोष्ट सांगतात. हा कुत्रा मुनीच्या आश्रयानें रानांत राहत असे. एके दिवशीं चित्ता त्याच्यावर धांवून आला, तेव्हां मुनीनें तपोबळानें कुत्र्यालाच चित्ता केलें. पुढें वाघ आला, तेव्हां त्याचा वाघ झाला. मत्त हत्ती आला, तेव्हां हत्ती झाला. हत्तीला मारणारा सिंह आला, तेव्हां सिंह झाला. शेवटीं सिंहाला मारणारा आठ पायांचा शरभ आला, तेव्हां मुनीनें त्याला शरभ केलें. आतां त्याच्याहून बलवान असें रानांत कोणी उरलें नाहीं. सर्व पशु त्याच्या भयानें पळून गेले. तेव्हां त्या शरभाच्या मनांत आलें कीं उरलेल्या मुनीलाच खावें. मुनीनें तें ओळखलें आणि त्याला पुन्हां कुत्रा करून हांकून दिलें. हितोपदेशांतील उंदराची गोष्ट मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे; ती याच कथेची धाकटी बहीण. भीष्मांचा हेतु राजनीति सांगण्याचा होता. क्षुद्र वृत्तीच्या सेवकाला एकेक पायरी चढवीत न्यावयाचें नाहीं, हा त्यांचा बोध. परंतु तो बोध देतांना चित्ता, वाघ, हत्ती, सिंह, शरभ अशी एक चढती श्रेणी त्यांनीं ऐकणारांच्या मनांत पक्की करून टाकली. पुढच्या शिल्पकारांना ही श्रेणी फार उपयोगी पडली.

शरभाला श्रेणीचें टोक मिळालें खरें. पण टोकावरच्या प्राण्याला तेथें स्वस्थ बसूं देण्याची लोकांची रीत नाहीं. हिरण्यकशिपूला मारल्यावरहि नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हां शिवानें शरभाचें रूप घेऊन त्याला आवरलें, अशी कथा शैव पुराणांत आली. अर्धा सिंह, अर्धा पक्षी असें त्या शरभाचें रूप. तामिळनाडूंत दारासुरम् येथील बाराव्या शतकांतल्या ऐरावतेश्वर मंदिरांत ही शरभमूर्ति आजहि पाहावयास मिळते. ही कथा वैष्णवांना रुचणें शक्यच नव्हतें. त्यांच्याकडून उत्तर आलें कीं नरसिंहानें गंडभेरुंडाचें रूप घेतलें आणि शरभाला जिंकलें. गंडभेरुंड हा दोन मस्तकांचा प्रचंड पक्षी. अशा रीतीनें हत्तीवर सिंह, सिंहावर शरभ आणि शरभावर गंडभेरुंड अशी उतरंड रचली गेली. प्रतिपक्षानें नवा प्राणी आणला कीं त्याच्यावर मात करणारा आणखी नवा प्राणी आणावयाचा, ही रीत आजच्या खेळांतहि जशीच्या तशी दिसते. भेद इतकाच कीं खेळांत नवा प्राणी कंपनी काढते. येथें तो पंथांनीं काढला, आणि वाद मनोरंजनाचा नव्हता, उपास्य दैवताच्या श्रेष्ठत्वाचा होता.

पुराणांतून हे प्राणी राजांच्या हातीं गेले, आणि राजांच्या हातीं गेल्यावर सर्वांच्या पंजांत एकच भक्ष्य दिसूं लागलें. तें म्हणजे हत्ती. याचें कारण सरळ आहे. हत्ती हें त्या काळच्या सैन्याचें सर्वांत जबर अंग. ज्याच्या पदरीं हत्ती अधिक तो राजा मोठा. तेव्हां हत्तीला चिमटींत धरणारा प्राणी दाखविला म्हणजे बाकी कांहीं सांगावें लागत नसे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, नाण्यांवर गंडभेरुंड चोंचींत आणि नख्यांत हत्ती धरून उडतो. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या वेशींवर हत्तीला दाबून धरणारा सिंहसदृश प्राणी आहे. सन १५४९ मध्यें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें निजामशाहीसाठीं मुहंमद बिन हसन रूमी यानें मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली. तिचें तोंड जबडा पसरलेल्या श्वापदाचें आहे आणि त्या जबड्यांत हत्ती चिरडला जात आहे. हीच तोफ १६३२ सालीं परांड्याहून विजापुरास नेण्यांत आली. मुरूडजवळच्या जंजिऱ्याच्या दारावर चारी पायांखालीं चार हत्ती दाबून, शेंपटीनें आणखी एक वेढून उभा असलेला प्राणी प्रत्येक प्रवाशाला दाखविला जातो. बीदरच्या किल्ल्यांतील एका दरवाजाचें तर नांवच शर्झा दरवाजा, आणि त्यावर दोन वाघ कोरलेले आहेत.

ही यादी मुद्दाम दिली आहे. तींत विजयनगरचे राजे आहेत, गोंड राजे आहेत, निजामशहा आहे, बीदरचे सुलतान आहेत, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत. धर्म निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, वैरें तर एकमेकांशींच. तरी दारावर बसणारा पहारेकरी सर्वांचा एकाच जातीचा. याचा अर्थ उघड आहे. हत्तीला जिंकणारा प्राणी हें दक्षिणेंतल्या राजसत्तेचें सामाईक चिन्ह झालें होतें. तें कोरणारे पाथरवट एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत कामाला जात, आणि आपले नमुने बरोबर नेत.

येथेंच तो तिसरा प्रश्न उभा राहतो. कुळ आणि बळ यांचा वाद जोंवर गोष्टींत किंवा पडद्यावर चालतो तोंवर तो निरुपद्रवी असतो. प्राणी दारावर बसला कीं लोक विचारतात: हा कोणाच्या बाजूचा? पोकेमॉनच्या खेळालाहि हा प्रश्न एकदां चुकला नाहीं. 'पोकेमॉन गो' हा खेळ खऱ्या जागांवर खेळावयाचा असल्यामुळें कांहीं देवळें त्याचीं ठाणीं बनलीं, आणि तेथें खेळाडूंना बक्षीस म्हणून अंडीं मिळत. पूजास्थानांत अंडीं दाखविल्यानें भावना दुखावतात, अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयांत झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्यें न्यायालयानें खेळ चालविणाऱ्या कंपनीला नोटीस काढली. तोंपर्यंत खेळ भारतांत रीतसर आलाहि नव्हता. कल्पनेंतला प्राणी कोणाच्या दारीं बसतो, याचें महत्त्व किती असतें, हें यावरून दिसून येतें.

किल्ल्यांवरच्या शरभाबाबत या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर फार वेळां घाईनें दिलें जातें. शरभाच्या पायाखालीं चार हत्ती दिसले कीं त्या चार शाह्या, पांच दिसले कीं पांच पातशाह्या, असा हिशेब मांडला जातो. आणि शरभ म्हणजे अर्थातच सांगणाऱ्याच्या पसंतीचा पक्ष. हा अर्थ ऐकावयास गोड लागतो, मुलांच्याहि चटकन् लक्षांत राहतो. पण तो जंजिऱ्यावर नेऊन पाहावा. तेथें तेच हत्ती, तसाच प्राणी, आणि दार सिद्दीचें. तो मलिक-ए-मैदानच्या तोंडाशीं नेऊन पाहावा. तेथें हत्ती चिरडणारें श्वापद एका सुलतानानेंच ओतवून घेतलें आहे, आणि तें बाराव्या शतकांतलें देऊळ बांधणाऱ्या चोळांच्या किंवा विजयनगरच्या परंपरेहून वेगळें बोलत नाहीं. जो अर्थ एका दारावर खरा ठरतो आणि शेजारच्या दारावर उलटा होतो, तो त्या शिल्पाचा अर्थ नव्हे; तो पाहणाराच्या मनाचा अर्थ होय. शिल्पाचा स्वतःचा अर्थ एवढाच, कीं येथें बळ राहतें, जपून पाऊल टाका.

रोहिड्याचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. तिसऱ्या दरवाजावरील शिलालेख मुहंमद आदिलशहाच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांतला, मे १६५६ चा आहे. तो शहा त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वारला. एकाच दारावर एक लेख मराठीचा आणि एक फारसीचा, यावरून त्या दारांतून ये-जा करणारी माणसें कोण होतीं, हेंहि समजतें. या किल्ल्याशीं बांदल देशमुखांच्या घराण्याचा संबंध होता, आणि पुढें घोडखिंडींत देह ठेवणारे बाजी प्रभु देशपांडे हे त्यांच्याच पदरचे. किल्ला शिवाजी महाराजांकडे आला. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोंगलांना द्यावे लागले त्यांत तो गेला. २४ जून १६७० रोजीं मराठ्यांनीं तो परत घेतला. पुढें तो भोरच्या पंतसचिवांकडे आला, आणि १९४८ सालीं भोर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. इतक्या हातांतून किल्ला फिरला. प्रत्येक धन्यानें तटाची, बुरुजांची, पाण्याची डागडुजी केली असेल. पण सिंह-शरभ किंवा हत्तीचीं मस्तकें शत्रूचीं म्हणून कोणी फोडलीं नाहींत. नव्या धन्यालाहि पहारेकरी हवाच होता, आणि हा पहारेकरी मागचें इमान मनांत ठेवणारा नव्हता. शरभ शत्रूचा असता तर तो राहिला नसता.

रोहिड्याहून दूर नसलेल्या वेल्हे भागांत या चित्राची दुसरी बाजू दिसते. तोरणा, म्हणजेच प्रचंडगड, आणि राजगड हे तेथले दोन बलाढ्य डोंगर. स्वराज्याचा आरंभ ज्या गडांपासून सांगतात त्यांत तोरणा पहिला, आणि राजगड तर सुमारें पंचवीस वर्षें राजधानी. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या महादरवाजावर कमळ व स्वस्तिक हीं शुभचिन्हें आहेत. सत्ता सांगावयाची तर हत्तीला चिरडणारा प्राणीच हवा, असें मुळींच नव्हे; कमळहि तें काम करतें. त्याच गडावर सुवेळा माचीकडे जातांना एक प्रचंड खडक लागतो. बाजूनें पाहिला कीं तो हत्तीसारखा दिसतो, म्हणून त्याला हत्तीप्रस्तर म्हणतात. त्याला कोणीं कोरलेलें नाहीं. वारा-पावसानें झिजलेल्या दगडांत लोकांनींच हत्ती पाहिला आणि नांव ठेविलें. जेथें शिल्पकार पोंचला नाहीं तेथेंहि मनुष्याची दृष्टि प्राणी शोधतेच, आणि एकदां नांव पडलें कीं पुढच्या प्रत्येकाला तेथें हत्तीच दिसतो. दृष्टीची ही शक्ति खेळ रचणाऱ्यांनीं ओळखली आहे. पाथरवटांनींहि ती ओळखली होती. इतिहास सांगणारानें मात्र तिच्यापासून थोडें सावध राहिलें पाहिजे.

सावध राहण्याचें कारण केवळ पंडिती नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादींत घेतले. राजगड त्यांत आहे, रोहिडा व तोरणा नाहींत. यादींतल्या गडाचा दगडन्‌दगड मोजला जातो. यादीबाहेरच्या गडाचें रक्षण बव्हंशीं तेथें जाणाऱ्यांच्या शहाणपणावर असतें. शिल्पाला चुना फांसणें, त्यावर रंगानें अक्षरें काढणें, आपलें नांव कोरणें, असले प्रकार अडाणीपणानें होतात. पण चुकीचा अर्थहि शिल्पाला तितकाच घातक असतो. आज ज्याला आपला पहारेकरी म्हणून हार घातला, तो उद्यां कोणी परक्याचा ठरविला कीं त्याच्यावर हातोडा उचलावयास उशीर लागत नाहीं. शरभ सर्वांचा होता, हें कळणें यांतच त्याचें खरें संरक्षण आहे.

या कामीं पोकेमॉनच्या रसिकांपासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नव्या प्राण्याचें चित्र प्रसिद्ध झालें कीं ते आधीं तें बारकाईनें पाहतात: पाय किती, पंख आहेत कीं नाहींत, शेंपटी कशी वळली आहे, डोळ्यांभोंवतीं रेघ कोणत्या रंगाची. मागच्या हजार प्राण्यांशीं ताडून पाहतात, आणि मगच कुळाबळाविषयीं बोलतात. तर्क चुकला तर दुसऱ्या दिवशीं तो सोडून देतात. गडावर जाणाऱ्या मंडळींनीं हीच शिस्त शरभाला लावावी. त्याचे पाय मोजावेत, पंख व शिंगें पाहावींत, हत्ती असल्यास ते कोठें कोठें धरले आहेत तें टिपून घ्यावें, शेजारच्या गडावरील शरभाशीं तें ताडून पाहावें, चित्र काढावें. पुणें जिल्ह्यांतच शिवनेरीच्या दरवाजावर शरभ आहे. रोहिड्याचा शरभ त्याच्या शेजारीं ठेवून पाहण्यास एका उन्हाळ्याची सुटी पुरेल. असा संग्रह जमला म्हणजे कोणता पाथरवटी नमुना कोठून कोठें गेला, याचा माग लागूं शकतो. आणि दार कोणाचें, या प्रश्नाला कंठाळी घोषणेपेक्षां अधिक टिकाऊ उत्तर मिळूं शकतें.

खेळांतल्या प्राण्याचा जनक कोण, तो कोणत्या दिवशीं प्रकट झाला, त्याचा क्रमांक किती, हें सर्व छापलेलें असतें. रोहिड्याच्या शरभाला क्रमांक नाहीं आणि त्याच्या पाथरवटाचें नांव कोणी लिहून ठेविलेलें नाहीं. वैदिक रानांतून निघून, जातकांतल्या मृगाच्या आणि भीष्मांच्या कथेंतल्या अष्टापदाच्या रूपानें प्रवास करीत तो या दारापर्यंत आला, आणि बांदल, आदिलशहा, मराठे, मोंगल, सचिव यांना येतांना व जातांना त्यानें पाहिलें. बाजारवाडीची वाट चढून जो कोणी दुसऱ्या दरवाजापाशीं पोंचेल, त्यानें दम घेण्यासाठीं तेथें थांबावेंच लागतें. तेवढा वेळ त्या प्राण्याकडे नीट पाहण्यास पुरेसा आहे.